धान्यकोठी ते ठेवविमा : सिद्धगडाच्या परिसरातून बँकिंग कायद्याकडे पाहताना

सिद्धगड म्हटलं की आपल्याला २ जानेवारी १९४३ आठवतो. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील त्या दिवशी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी त्या तारखेला मुरबाड, शहापूर, कर्जत भागातून माणसं तिथे जमतात. आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, मुंबईचा वीजपुरवठा तोडला, हा इतिहास तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे तो मी पुन्हा सांगत नाही.

आजचा विषय आहे बँकिंगचे कायदे, विशेषतः २०२० नंतर झालेले बदल. तुम्ही म्हणाल, त्याचा सिद्धगडाशी काय संबंध? संबंध असा, की भाई कोतवाल भूमिगत होण्यापूर्वी आणखी एक काम करत होते. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी नाभिक कुटुंबात जन्मलेला, कायदा शिकलेला हा तरुण शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारत होता. टंचाईच्या दिवसांत माणसाला धान्यासाठी सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये, एवढा साधा हेतू. मी या धान्यकोठीला बँकच म्हणतो. इमारत नाही, परवाना नाही, पण ठेव आहे, कर्ज आहे आणि विश्वास आहे.

ही कोठी का लागत होती, ते हिशेबाने बघू. आपल्या पट्ट्यात मुख्य पीक भाताचं, वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. भात दिवाळीच्या सुमारास घरात येतं आणि आषाढात कणगी रिकामी होते. नेमकी तेव्हाच लावणी असते, म्हणजे अंगमेहनत सर्वांत जास्त आणि घरात दाणा नाही. मग सावकार. धान्याच्या कर्जाला ‘सवाई’ आणि ‘दीडी’ असे शब्द आहेत. दीडीने ४ पायली भात आषाढात नेलं, तर मार्गशीर्षात ६ पायली द्यायचं. पाच महिन्यांत पन्नास टक्के. वर्षाच्या हिशेबाने १२० टक्के.

दुसरी रीत याहून बेरकी. धान्य द्यायचं, पण वहीत पैसे लिहायचे. समजा, आषाढात पायलीचा भाव १ रुपया आहे. ४ पायलीचे ४ रुपये खात्यावर चढले. सुगीला भाव पडून आठ आण्यांवर आला. आता ते ४ रुपये फेडायला ८ पायली लागतात, आणि व्याज अजून लावलेलंच नाही! कर्जदाराला आपण लुटलो गेलो हे कळतं, पण कुठे ते दाखवता येत नाही. कारण वही सावकाराची, अक्षर सावकाराचं आणि अंगठा याचा.

आजच्या व्याख्यानाचा मुद्दा या वहीपाशीच आहे. गेल्या दीडशे वर्षांतले पतपुरवठ्याचे कायदे तुम्ही एकापुढे एक ठेवलेत, तर त्यांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो : हिशेबाची वही कोणाच्या हातात, आणि ती उघडून बघण्याचा अधिकार कोणाला?

चला, घाटावर जाऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. हे दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे ताब्यात घ्यायचे आणि जाळायचे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार दिला. आणखी एक तरतूद होती. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे. वर्षाचं हिशेबपत्रक आणि खातेपुस्तिका मागण्याचा त्याला हक्क आहे. आज बँकेचं पासबुक आपण सहज खिशात घालतो. एका जमान्यात ते मिळवायला कायदा करावा लागला होता, आणि कायद्याच्या आधी दंगा व्हावा लागला होता.

मात्र कायदा केला तेव्हा त्यात चारच जिल्हे होते : पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर. जिथे आग लागली आणि तिच्या आसपास, तिथे पाणी. घाटाखालच्या ठाणे जिल्ह्याला तेव्हा ते मिळालं नाही. कायदा आधी अपघात बघतो आणि मग तेवढ्या वळणावर कठडा बांधतो, ही पद्धत पुढेही तुम्हाला दिसेल.

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत सहकारी मध्यवर्ती बँक निघाली. तीच आजची राज्य सहकारी बँक. कल्पना उत्तम होती : गावाने गावाला कर्ज द्यायचं, वही सभासदांची. पण प्रत्यक्षात काय झालं? रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली देशभर ग्रामीण पतपाहणी केली. समितीचे अध्यक्ष गोरवाला आणि सदस्यांत आपले धनंजयराव गाडगीळ. पाहणीत दिसलं की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी. धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून सुमारे ७० टक्के. म्हणजे कायदा होऊन जवळपास ५० वर्षं झाली, तरी शंभरातले सत्तर रुपये सावकाराच्याच वहीत.

आणि ठाणे जिल्ह्यात ही वही फक्त धान्याची नव्हती, माणसांचीही होती. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात लग्नासाठी कर्ज काढलेला वारली जमीनदाराकडे राबायचा, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्यानंतर गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. टिटवाळा इथून काही फार लांब नाही. तेव्हा कर्ज हा केवळ अर्थशास्त्राचा विषय नव्हता. माणूस स्वतःचा मालक आहे की नाही, हे कर्जावर ठरत होतं.

आता वरच्या मजल्यावर जाऊ, म्हणजे बँकांकडे. रिझर्व्ह बँक १९३५ ची, बँकिंग नियमनाचा कायदा १९४९ चा. पण त्या कायद्यात सहकारी बँका नव्हत्या. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. लगेच १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा सुरू झाला. मर्यादा किती? माणशी १,५०० रुपये. पुढे १ मार्च १९६६ पासून बँकिंग कायदा सहकारी बँकांना लागू झाला, पण अर्धाच. परवाना, रोखता, कर्जव्यवहार ही बाजू रिझर्व्ह बँकेकडे. संचालक मंडळ, निवडणुका, संस्थेची नोंदणी ही बाजू सहकार निबंधकाकडे. यालाच दुहेरी नियंत्रण म्हणतात. एका घराला दोन पहारेकरी ठेवले की चोरी झाल्यावर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात, तसं पुढे अनेकदा झालं.

मधल्या काळात चांगलंही घडलं. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. गाडगीळांच्या अभ्यासगटाच्या शिफारशीतून प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेने घ्यायची ही कल्पना आली, तीच अग्रणी बँक योजना. १९८२ मध्ये नाबार्ड आली. तालुक्याच्या गावी बँकेची पाटी दिसू लागली.

मग आला २३ सप्टेंबर २०१९. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक, म्हणजे पीएमसी. रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले आणि ठेवीदारांना कळलं की सहा महिन्यांत आपल्या खात्यातून १,००० रुपयेच काढता येतील. ही मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली, पण पहिला धक्का बसायचा तो बसला. नऊ लाखांहून अधिक ठेवीदार. आणि कारण? बँकेच्या एकूण कर्जातला ७० टक्क्यांहून जास्त हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे, आणि तो झाकायला हजारो बनावट खाती. पुन्हा वहीच! संगणकावरची का होईना, पण खोटी वही.

त्यानंतर गोष्टी वेगाने हलल्या. १९९३ पासून १ लाखावर थांबलेला ठेवविमा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाला. जून २०२० मध्ये वटहुकूम आणि सप्टेंबरमध्ये कायदा होऊन बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. सहकारी बँकांचं व्यवस्थापन, लेखापरीक्षक, मुख्य अधिकारी, विलीनीकरण यांबाबत रिझर्व्ह बँकेला बरेच अधिकार मिळाले. १ एप्रिल २०२१ पासून हे राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही लागू झालं. २०२१ मध्ये ठेवविम्याचा कायदा बदलला : बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची, पूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत वर्षानुवर्षं थांबावं लागे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना हा फरक कामी आला.

सहकारातल्या बऱ्याच लोकांची तक्रार आहे की यातून सहकाराची स्वायत्तता गेली, सगळं केंद्राच्या हाती एकवटलं. या तक्रारीत तथ्य आहे. पण ज्याचे पैसे अडकले त्याला विचारा, तो म्हणेल, कोणीतरी वही बघितली असती तर बरं झालं असतं. दोन्ही बाजू मला समजतात. माझा प्रश्न तिसराच आहे : हा कठडा कुठपर्यंत पोचला?

सिद्धगडाच्या परिसरात सामान्य माणसाचा पैशाशी संबंध कुठे येतो ते बघा. गावची विकास सोसायटी, बाजारपेठेतली पतसंस्था, दर आठवड्याला हप्ता गोळा करणारा मायक्रोफायनान्सचा गट. आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला हंगामाआधी मिळणारा बयाणा. २०२० च्या दुरुस्तीत प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपली विकास सोसायटी, मुद्दाम बाहेर ठेवली आहे. पतसंस्था तर बँक नाहीच, तिची नोंदणी सहकार कायद्याखाली. ५ लाखांचा विमा दोघींनाही लागू नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला होता की काही सहकारी संस्था नावात ‘बँक’ लावतात, त्यांच्या ठेवींना हे संरक्षण नाही. काउंटर, पासबुक, पिग्मी एजंट सगळं बँकेसारखं दिसतं. म्हणून लोक धरून चालतात की विमाही असेल. नाही, मंडळी, नाही.

तुम्ही विचाराल, मग पतसंस्थेत पैसे ठेवूच नयेत का? मी असं म्हणत नाही. अडीअडचणीला संध्याकाळी दार उघडणारी संस्था तीच असते, आणि नीट चाललेल्या संस्था भरपूर आहेत. पण जिथे वरून पहारा नाही, तिथे सभासदानेच पहारा करायचा असतो. त्यासाठी कायद्याने हत्यार दिलंय. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागते. सभासदाला ताळेबंद बघता येतो. लेखापरीक्षणात संस्थेला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो, तो विचारता येतो. मोठी कर्जं कोणाला दिली, त्यांतली संचालकांच्या घरची किती, थकबाकी किती, हे विचारता येतं. जेवणाच्या पंगतीसाठी सभेला जाणारे पुष्कळ असतात, ताळेबंदाचं पान उलटणारे थोडे.

कर्जदाराचंही तसंच. मार्च २०२२ च्या मायक्रोफायनान्स नियमांत रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की कर्जाचा तपशील, व्याज आणि सगळे आकार यांचा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत दिला पाहिजे, आणि घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. १८७९ च्या खातेपुस्तिकेची ही नात म्हणा. फक्त, याच नियमांनी या कंपन्यांच्या व्याजावरची ठरलेली कमाल मर्यादा काढून टाकली. म्हणजे दर काय लावायचा ते कंपनीने ठरवायचं, आणि तो वाचून घ्यायची जबाबदारी बाईवर.

राहिला बयाणा. त्याला ना कागद, ना पावती. भट्टीमालकाने उचल किती दिली, विटांमागे किती कापली, हिशेब त्याच्याकडेच. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद केली आहे. तरीही हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावं लागतं. ठेवविमा ५ लाखांचा झाला याचा या कुटुंबाला काय उपयोग? त्यांची आषाढातली कणगी आजही रिकामीच आहे.

धान्यकोठीचं मला महत्त्व वाटतं ते यासाठी. सुगीला ज्याने भात घातलं, त्याला कोठीत किती आहे हे डोळ्यांनी दिसतं. कोणी किती नेलं हे गावाला ठाऊक असतं. तिथे तपासनीस लागत नाही, कारण सगळेच तपासनीस असतात. ५ लाख ठेवीदारांची बँक अशी चालवता येणार नाही, तिथे रिझर्व्ह बँक हवीच. पण ५०० सभासदांची सोसायटी अशी चालवता येते, आणि बयाण्याच्या जागी गावातच दोन-चार महिन्यांचं धान्य उसनं मिळण्याची सोयही करता येते. त्याला दिल्लीचा कायदा लागत नाही.

पुढच्या २ जानेवारीला सिद्धगडावर जाल तेव्हा हुतात्म्यांना वंदन कराच. आणि परत आल्यावर आपल्या सोसायटीचा मागच्या वर्षीचा ताळेबंद मागून घ्या. आज इथेच थांबतो.