पाण्याचा अडसर

घरात मोरीची दुर्गंधी सुटली म्हणजे माणसे प्रथम मोरी घासतात, मग तीत फिनेल ओततात आणि तरीही वास हटला नाही म्हणजे शेजाऱ्याच्या मोरीकडे संशयाने पाहू लागतात. वास डोळ्यांना दिसत नाही. तो निघतो एका ठिकाणी आणि जाणवतो भलत्याच ठिकाणी. त्याचा उगम हुडकून काढण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये वैद्यांनी, इंजिनीअरांनी आणि नळकाम करणाऱ्या कारागिरांनी आपली सारी बुद्धी खर्ची घातली. ज्या समजुतीने त्यांनी हा शोध आरंभिला ती चुकीची होती. परंतु त्यातून जे हाती आले ते आजही प्रत्येक मोरीखाली उभे आहे.

या कथेचा आरंभ एका घड्याळजीपासून होतो. अलेक्झांडर कमिंग हा मूळचा स्कॉटलंडचा, धंद्यानिमित्त लंडनला राहिलेला. १७७५ साली त्याने पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचपात्राचे पेटंट घेतले. त्यातील युक्ती अगदी साधी होती. पात्राखालचा नळ त्याने इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वाकविला. पाणी ओतले की मैला वाहून जाई, पण थोडे पाणी त्या वळणात मागे उरे. वरचे पाणी खाली जाऊ शके. खालची हवा मात्र वर येऊ शकत नसे. दाराला आतून अडसर घालावा, तसा हा पाण्याचा अडसर होता.

त्याची खरी गरज पुढच्या शतकात भासली. लंडनमधील शौचकूपांचे नळ गटारांना जोडले गेले आणि गटारे थेम्स नदीला मिळाली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला अशी घाण सुटली की, पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. सभासदांच्या नाकाला झोंबताच पैशाची तरतूद झाली आणि जोसेफ बॅझलजेट या इंजिनीअरने शहराखाली प्रचंड भुयारी गटारे बांधली. नदीचा वास कमी झाला. पण प्रत्येक घर एका नळाने त्या भुयाराशी जोडलेलेच राहिले. नळातील अडसर नसला किंवा निकामी झाला, तर भुयारातील हवा थेट शयनगृहात येई.

त्या काळी ही हवा केवळ किळसवाणी नव्हे, तर प्राणघातक मानली जाई. दुर्गंधी हाच रोग, असे एडविन चॅडविकसारखे सुधारक सांगत. पटकी पाण्यातून पसरते, हे डॉ. जॉन स्नो याने १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दाखला देऊन मांडले होते, पण त्याचे फारसे कोणी ऐकले नव्हते. अशात १८७१ च्या अखेरीस युवराज एडवर्ड याला विषमज्वर झाला. त्याआधी तो स्कारबरोजवळच्या ज्या वाड्यात पाहुणा होता, तेथेच उतरलेला चेस्टरफील्डचा अर्ल याच रोगाने मरण पावला. दहा वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर रोजी, युवराजाच्या पित्याचे निधन झाले होते आणि वैद्यांनी त्या दुखण्यालाही विषमज्वरच म्हटले होते. १८७१ चा १४ डिसेंबर जवळ आला तेव्हा सारे राष्ट्र चिंतेत होते. युवराज वाचला, पण बोट दाखविले गेले ते वाड्याच्या मोऱ्यांकडे. राजपुत्राला जे चुकले नाही ते आपल्याला काय चुकणार, या धास्तीने सुखवस्तू इंग्रज आपापल्या घरातील नळ तपासू लागला.

तपासणीच्या रीती मोठ्या चतुर होत्या. एक माणूस गच्चीवर जाऊन नळाच्या तोंडात पेपरमिंटचे तेल आणि कढत पाणी ओती. दुसरा घरातील खोल्याखोल्यांतून हुंगत फिरे. जेथे पेपरमिंटचा वास येई, तेथे नळ फुटका समजावा. तेल ओतणाऱ्याने मात्र काम संपेपर्यंत घरात पाऊल टाकायचे नाही, नाही तर त्याच्याच अंगाच्या वासाने घोटाळा व्हायचा. दुसरी रीत धुराची. गटारात धूर कोंडला की तो भेगांमधून बाहेर पडून आपला मार्ग आपणच दाखवी.

या शोधातून दोष उघडकीस आले. कुठे सांधे उखडलेले, कुठे वळणच बसविलेले नाही. लीड्सचे शस्त्रवैद्य प्रिजिन टील यांनी १८७८ मध्ये अशा दोषांची चित्रेच प्रसिद्ध केली. काही ठिकाणी मात्र वळण असूनही वास येई. नळातून पाण्याचा मोठा लोंढा गेला की तो मागचे पाणीही ओढून नेई आणि अडसर मोकळा पडे. त्यावर उपाय म्हणून छपरापर्यंत हवेचा उघडा नळ नेण्यात आला. आणखी एक कारण होते. न वापरलेल्या खोलीतील वळणाचे पाणी नुसतेच वाळून जाई.

पुढे जंतूंचा शोध लागला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूवरील आपले संशोधन पूर्ण केले आणि दुर्गंधी म्हणजे रोग ही कल्पना मागे पडली. नळाचे वळण तेवढे टिकले. भारतातील बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांत त्याचा एक प्रकार ‘नहाणी ट्रॅप’ या नावाने आढळतो. आपल्या न्हाणीचे नाव असे परभाषेच्या शास्त्रात जाऊन बसले आहे.

पण वळण केवळ नाकाच्या सोयीसाठी नाही, हे २००३ साली हाँगकाँगमध्ये कळून आले. अॅमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत ३०० हून अधिक लोकांना सार्स झाला. न्हाणीघराची जमीन पाण्याने न धुता नुसती पुसली जात असल्यामुळे मोऱ्यांची वळणे कोरडी पडली होती आणि हवा बाहेर फेकणारे पंखे गटारातील दूषित तुषार घरात ओढून घेत होते, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. वास हा रोग नव्हे, हे खरे. पण ज्या वाटेने वास येतो, त्याच वाटेने रोगही येऊ शकतो. जुन्या लोकांचे कारण चुकले होते, वाट चुकली नव्हती.

म्हणून घरातील न वापरल्या जाणाऱ्या मोरीचा वास येऊ लागला, तर प्रथम फिनेल शोधू नये. तीत तांब्याभर पाणी ओतावे आणि पाहावे. तेवढ्याने वास थांबला, तर अडसर वाळला होता असे समजावे. न थांबला, तर सांधे तपासावेत. कमिंगच्या वाकड्या नळाला अडीच शतके झाली, तरी त्याला हवे आहे ते एवढेच पाणी.