जायफळाची कॉफी आणि बियांची मक्तेदारी

'फ्लेवर्ड लाटे' हे पेय आता आपल्याकडील शहरांतही परिचयाचे झाले आहे. लाटे या इटालियन शब्दाचा अर्थ दूध. कडक कॉफी, भरपूर गरम दूध, वर फेस आणि एखादा स्वाद, इतकीच त्याची रचना. मराठी घरांतील जायफळ घातलेली दुधाची कॉफी याहून फार वेगळी नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीत ती गूळ घालून केली, तर तिच्यात तीन बाजारपेठांचा इतिहास मिसळतो. तो आपण क्रमाने पाहू.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. परंतु तिचा व्यापार वाढला येमेनमध्ये. सतराव्या शतकात जगाला कॉफी मिळे ती मुख्यतः तेथील मोखा बंदरातून. रुजेल अशी बी बाहेर जाऊ नये, याची तेथे दक्षता घेत, असे सांगतात. बाबा बुदन या सुफी संताने सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि भारतातील सर्वाधिक कॉफी आज कर्नाटकातच पिकते.

जायफळाची कहाणी अधिक क्रूर आहे. त्या काळी जायफळ पिके ते आजच्या इंडोनेशियातील बांदा या चिमुकल्या बेटांवर. बांदावासी कोणाही व्यापाऱ्याला माल विकत. डच ईस्ट इंडिया कंपनीला हे नको होते. 1621 मध्ये यान पीटरझून कून याने बेटांवर स्वारी केली. बहुसंख्य रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. पुढे बागा गुलामांकडून कसून घेण्यात आल्या. बी रुजू नये म्हणून जायफळे चुन्यात बुडवून मगच विक्रीला पाठवीत. 1667 च्या ब्रेडा तहाने रून हे बांदांपैकी एक बेट डचांकडे राहिले आणि अमेरिकेतील मॅनहॅटन इंग्रजांकडे!

ही मक्तेदारी अखेर रोपांनीच मोडली. 1770 च्या सुमारास प्येर प्वाव्र या फ्रेंच प्रशासकाने मिळवलेली रोपे मॉरिशसला पोचली. पुढे इंग्रजांनीही ती आपल्या वसाहतींत नेली. आज जायफळ कोकणातल्या बागांतही पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या खास जाती दिल्या आहेत.

गुळाचा इतिहास मात्र घरचा आहे. 1891 मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली आणि 1895 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुळाच्या व्यापाराने ती नावारूपाला आली. बांदा बेटांवर घेणारा एकच उरला होता. पेठेत मात्र गुळाच्या रव्यांचा सौदा होतो तेव्हा अनेक घेणारे समोर असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

आता प्रत्यक्ष कृती. दूध तापवून त्यात कॉफीचा कडक अर्क मिसळावा आणि चिमूटभर जायफळ किसून घालावे. जायफळातील सुगंधी तेले पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. म्हणून दुधात स्वाद भरून येतो. प्रमाण मात्र चिमटीचेच हवे, जास्त जायफळ अपायकारक असते. फेसासाठी यंत्र नको. रवीने घुसळले किंवा दोन भांड्यांत उंचावरून ओतले, की दुधातील प्रथिने हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरतात. गूळ शेवटी, भांडे खाली उतरवून थोडे निवल्यावर घालावा. उकळत्या दुधात गुळातील आम्ल व क्षार यांमुळे केसीन हे प्रथिन साकळते आणि दूध फाटते.

वर्गात जगाचा नकाशा लावून मोखा, चिकमगळूर, बांदा, मॉरिशस, दापोली आणि शाहूपुरी ही ठिकाणे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावीत. त्यासोबत एक प्रश्नही चर्चेला घ्यावा: बियांवर मालकी कोणाची? भारतात 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा व इतरांना देण्याचा हक्क दिला आहे. असा हक्क लेखी का द्यावा लागतो, हे चुन्यात बुडवलेल्या जायफळावरून मुलांना समजावून देता येईल.