इतिहास घ्यायचा, पण जोडीला काय?

बारावीनंतर कला शाखेत प्रवेश घेणाऱ्या अनेकांच्या वाट्याला इतिहास येतो तो 'उरलेला विषय' म्हणून. मानसशास्त्र वा अर्थशास्त्राची जागा हुकली, की अर्जावर इतिहासापुढे खूण केली जाते. इतर विषय मित्र काय घेतात आणि कशात गुण मिळतात, यावर ठरतात. मात्र पदवीच्या नव्या रचनेत इतिहासाचा पुढे किती उपयोग होणार, हे बऱ्याच अंशी या जोडविषयांवर अवलंबून असते.

नवी रचना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर अन्य संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवा आराखडा लागू झाला. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांक लागतात. तासिकांच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचे अध्यापन. मुख्य विषय (मेजर), गौण विषय (मायनर) आणि खुले ऐच्छिक विषय हे विद्यार्थ्याच्या निवडीचे प्रमुख भाग होत. खुला ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. त्यामुळे महाविद्यालयात सोय असल्यास विज्ञान वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही इतिहासाची अभ्यासपत्रिका घेता येते.

गौण विषयाचे महत्त्व

गौण विषय केवळ श्रेयांक भरण्यासाठी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ मधील पदव्युत्तर आराखड्यानुसार मुख्य विषयाप्रमाणेच गौण विषयातही पदव्युत्तर शिक्षणाची वाट खुली ठेवण्यात आली आहे. म्हणूनच ही निवड पुढील दिशा पाहून करावी.

* स्पर्धा परीक्षा : राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा भूगोल उपयुक्त. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिका एकूण ५०० गुणांच्या असतात. शिवाय सामान्य अध्ययनातही इतिहास आहेच.
* पुरातत्त्व : भूगोलाची जोड उपयोगी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्राच्या एमएसाठी अन्य विद्याशाखांच्या पदवीधरांनाही संधी असते.
* पत्रकारिता, प्रकाशन, पर्यटन : मराठी, इंग्रजी किंवा एखादी परदेशी भाषा.

संशोधन करायचे असेल तर

येथे भाषा व लिपी निर्णायक ठरतात. मराठ्यांच्या इतिहासाची असंख्य कागदपत्रे मोडी लिपीत आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर हे त्याचे ठळक उदाहरण. मोगल वा आदिलशाही काळासाठी फारसी, तर गोवा व वसईसाठी पोर्तुगीज लागते. मोडी न येणाऱ्या विद्यार्थ्याला एमएपर्यंत मजल मारूनही छापील पुस्तकांवरच विसंबावे लागते. ही तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून सुरू केल्यास तीन वर्षे हाताशी राहतात. महाविद्यालयात सोय नसल्यास बाहेरील मोडी वर्गांचा विचार करावा.

प्रवेशापूर्वी विचारावे

माहितीपत्रकात छापलेला प्रत्येक विषय प्रत्यक्षात शिकवला जातोच असे नाही. त्यामुळे पुढील बाबींची खातरजमा करावी :

* ऐच्छिक विषय सुरू होण्यास किमान किती विद्यार्थी लागतात? तो विषय शिकवणारे प्राध्यापक आहेत का?
* इतिहासाच्या अभ्यासपत्रिका कोणत्या कालखंडांच्या आहेत? क्षेत्रभेट, संग्रहालय वा दफ्तरखान्यातील काम त्यात आहे का?
* मुख्य व गौण विषय केव्हा पक्के करावे लागतात आणि त्यानंतर बदल करता येतो का?
* 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक महाविद्यालय स्वीकारते का?

'सोपा' म्हणून घेतलेला विषय एखाद्या सत्रात गुण वाढवील. पण पदवीनंतर प्रवेश परीक्षेत वा मुलाखतीत विषयांच्या निवडीमागचे कारण विचारले गेल्यास उत्तर द्यावे लागते ते विद्यार्थ्यालाच. अर्ज भरण्यापूर्वी अभ्यासक्रम मिळवून वाचावा, विभागातील प्राध्यापकांना भेटावे आणि मगच इतिहासापुढे खूण करावी.