मधुमेह आणि मूलपेशी

हिरण्यकेशीच्या कांठचें गडहिंग्लज हें उसाच्या मुलुखांतलें गांव. हंगामांत हरळीच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या पाहून मधुमेहाचें सारें खापर साखरेवर फोडण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण हा रोग कारखान्यांहून फार जुना. मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात ही नोंद चरकसंहितेंतच सांपडते. शिवाय बहुधा बालवयांत उद्भवणारा जो त्याचा पहिला प्रकार, तो गोड खाल्ल्यानें होतच नाहीं. तेथें शरीराची रक्षकसेनाच घरभेदी बनते आणि स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी ठार करते.

त्या पेशींचे पुंजके लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानें १८६९ सालीं पाहिले. त्यांचें कार्य मात्र त्यास उमगलें नव्हतें. १८८९ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें मेरिंग व मिंकोव्स्की यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढतांच त्यास मधुमेह जडला, तेव्हां रोगाचें मूळ कळलें. १९२१ सालीं टोरांटोंत बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन मिळविलें, आणि १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड टॉम्प्सन हा १४ वर्षांचा मरणोन्मुख मुलगा त्या टोचणीनें वांचला.

इन्सुलिन रोग्यास जगवितें, पण मेलेल्या पेशी तें परत आणीत नाहीं. २००० सालीं कॅनडांतीलच एडमंटनच्या वैद्यांनीं मृत दात्यांचे पेशीपुंजके ७ रुग्णांत रोपून त्यांची टोचणी थांबविली. अडचण होती ती पुरवठ्याची: एका रुग्णास बहुधा दोन दात्यांचीं स्वादुपिंडें लागत. मूलपेशीचें महत्त्व येथेंच. हवी ती पेशी बनूं शकणारी ही बीजरूप पेशी प्रयोगशाळेंत हवी तितकी वाढवितां येते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत डॉ. रमेश भोंडे व त्यांचे सहकारी याच वाटेनें वर्षानुवर्षें राबले.

२०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, मूलपेशींपासून घडविलेले पुंजके पूर्ण मात्रेंत मिळालेल्या १२ रुग्णांपैकीं १० जणांस वर्षाअखेर इन्सुलिन लागलें नाहीं. हा विजय लहान नव्हे. पण परक्या पेशी टिकाव्या म्हणून त्यांना प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें घ्यावीं लागलीं, आणि तीं निर्धोक नसतात. शिवाय ते सारे पहिल्या प्रकारचे रुग्ण. आपल्याकडील बहुसंख्य मधुमेही दुसऱ्या प्रकारचे.

तेव्हां गडहिंग्लजच्या एखाद्या घरीं मूलपेशींनीं मधुमेह मुळापासून बरा करण्याची जाहिरात पोहोंचली, तर टोचणी बंद करून पैसे मोजण्यापूर्वीं घरच्यांनीं एवढें पाहावें: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणें मधुमेहासाठीं मूलपेशींचा वापर संमत प्रयोगापुरताच करतां येतो, आणि प्रयोगांत सामील होणाऱ्या रुग्णाकडून त्याचें मोल घेतां येत नाहीं.