सहा पाण्यांनी धुतलेला फोटो

१९७३ सालचे सोलापूरचे फोटो मी नुसत्या रंगावरून ओळखतो. कुणी जुना अल्बम दुरुस्तीला घेऊन येतं. पहिली पानं उलटताना काळा रंग काळाच दिसतो, पांढरा पांढराच. मध्येच पाच-सहा पानं अशी येतात, की चेहऱ्यांवर कोरा चहा सांडून वाळल्यासारखी झाक चढलेली असते. कडेला जास्त, मध्ये कमी. पुढे पुन्हा सगळं स्वच्छ. मागचा शिक्का बघावा लागत नाही. त्या साली सोलापुरात पाणी नव्हतं.

त्याच साली मी फोटोग्राफी शिकायला लागलो. मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, वडील गिरणीत होते, आणि नवी पेठेतल्या एका स्टुडिओत पोरगा हवा होता. ज्यांच्याकडे शिकलो त्यांना आम्ही मालक म्हणायचो. सोलापुरात कुणालाही मान द्यायचा तर मालकच म्हणतात. त्यांच्याकडे तीन पायांच्या लाकडी स्टँडवरचा हाफ प्लेटचा जुना कॅमेरा होता, लग्नासाठी याशिका होता, आणि जिन्याखाली डार्करूम होती. त्या डार्करूममध्ये मी पाच महिने काढले. त्या पाच महिन्यांत कॅमेऱ्याच्या काचेतून एकदाही बघितलं नाही, आणि त्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती. शिकायचं ते तिथेच होतं.

ज्यांनी डार्करूम पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लाल दिव्याखाली तीन ट्रे मांडलेले असत. पहिल्यात डेव्हलपर: मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि कार्बोनेट. एनलार्जरखाली उजेड दिलेला ब्रोमाइड पेपर त्यात सोडला, की आधी काहीच होत नाही. मग केस, भुवया, कोटाची कॉलर असं गडद ते आधी वर येतं. दुसऱ्या ट्रेत साधं पाणी. तिसऱ्यात हायपो. ज्या चांदीच्या क्षारावर उजेड पडला नाही, तो हायपो विरघळवून टाकतो. तो विरघळला नाही तर फोटो दिव्याखाली आणताच हळूहळू सगळा काळवंडेल. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं हायपोचा हा गुण १८१९ सालीच हेरून ठेवला होता. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, फोटोग्राफीची वार्ता जगभर झाली तेव्हा तो कामाला आला. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही त्याचेच.

पण हायपो स्वतः कागदात शिरून बसतो. कागद म्हणजे शेवटी लगदाच, त्याच्या धाग्याधाग्यात तो मुरतो. धुऊन काढला नाही तर वर्षांनी त्यातलं गंधक सुटतं आणि चित्रातल्या चांदीला खातं. काळ्याचं पिवळं होतं ते असं. म्हणून जाड कागदाचा फोटो वाहत्या पाण्यात तासभर तरी ठेवायचा.

तासभर वाहतं पाणी! १९७३च्या उन्हाळ्यात, सोलापुरात!

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल मी नव्यानं काय सांगावं. जिल्ह्यात खडी फोडायची कामं निघाली होती, सुकडी वाटली जात होती, लोक अमेरिकेतून आलेला लाल मिलो खात होते. उजनीचं धरण अजून बांधून व्हायचं होतं. आमच्या बोळातला नळ कधी यायचा, कधी नाही. स्टुडिओच्या मागे आड होता, त्याचं पाणी तळाला गेलेलं, गढूळ आणि इतकं जड, की निगेटिव्ह त्यात धुऊन वाळत टाकली तर तिच्यावर चुन्याचे ठिपके उठत. माझं पहाटेचं काम दोन घागरी चांगलं पाणी मिळवणं. त्यातली पहिली प्यायला, दुसरी डेव्हलपर कालवायला.

मालकांनी मला सहा पाणी शिकवले. "नळ सोडून ठेवायची ऐपत नाही आपली," ते म्हणाले, "तर असं कर. ट्रेभर पाणी घे, फोटो एकेक करून खालचा वर आण, दहा मिनिटं हलवत राहा, मग ते पाणी सगळं ओतून टाक. थेंबभरसुद्धा मागं ठेवू नको. मग दुसरं पाणी. असे सहा." पुढे कळलं, की ही काटकसरीपुरती युक्ती नव्हती. नळाखाली ट्रे भरून वाहत ठेवला तर नवं पाणी जुन्यातच मिसळत राहतं. पूर्ण ओतून बदललं, तर प्रत्येक खेपेला हायपो झपाट्यानं उतरतो. धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगायला लागत नाही.

आणि धुतला गेला की नाही हे बघायचं कसं? त्यासाठी आडात टाकायचं लाल औषध, पोटॅशियम परमँगनेट. काचेच्या दोन पेल्यांत त्याचं फिकट गुलाबी पाणी करायचं. एकात साध्या पाण्याचे थेंब टाकायचे, दुसऱ्यात फोटोच्या कोपऱ्यावरून निथळणारे तेवढेच थेंब. दुसऱ्या पेल्यातला गुलाबी रंग उडाला, तर हायपो अजून कागदात आहे. दोन्ही सारखे गुलाबी राहिले, तर झालं. मी हे दोन पेले खिडकीत उजेडासमोर धरून किती वेळा बघितले असतील! शिकण्यातला सगळ्यात मोठा आनंद मला त्या गुलाबी रंगानं दिला आहे.

पुढे वाचायला लागलो तेव्हा दिसलं, की आपल्याकडे फोटोग्राफी शिकण्याची सुरुवातही पाण्याच्या टंचाईतच झाली. १८५४च्या उन्हाळ्यात मुंबईत पाण्याचा एवढा तुटवडा पडला, की सरकारला विहार तलावाची योजना हाती घ्यावी लागली. त्याचं पाणी शहरात यायला १८६० उजाडलं. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. आपल्या देशात एखाद्या शिक्षणसंस्थेत हा विषय शिकवला जाण्याचे हे अगदी पहिले दिवस. त्या वर्गातून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. मला यात नवल वाटत नाही. औषधं मोजून घेणं, भांडी स्वच्छ राखणं, घड्याळाकडे लक्ष ठेवणं हे डॉक्टरच्या हाताला आधीच येतं, आणि नवशिक्या फोटोग्राफरला नेमकं तेच शिकावं लागतं.

त्यांचं काम आमच्यापेक्षा फार कठीण होतं. फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ मध्ये जाहीर केलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा चालू होती. काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच डेव्हलप करायची. वाळली की गेली. आपल्या उन्हात ती किती लवकर वाळत असेल! काच, तंबू, बाटल्या आणि पाणी बरोबर घेतल्याशिवाय बाहेरचा एकही फोटो निघत नसे. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा मार्ग दाखवला, त्यातून कोरड्या प्लेटा आल्या आणि फोटोग्राफर तंबूतून सुटला. धुण्यातून मात्र सुटला नाही.

आणि तेच १८५५ साल लंडनमध्ये कशाचं होतं? फोटो उडताहेत अशी ओरड तिथे झाली होती. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं त्या वर्षी चौकशीसाठी समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिच्या खर्चासाठी ५० पौंड दिले. समितीनं जी कारणं सांगितली त्यात पहिलं होतं, हायपो नीट धुतला न जाणं. मुंबईत पोरं धडे गिरवायला बसली होती आणि तिकडे जाणती माणसं पहिल्याच धड्याकडे परत वळत होती. मला हे वाचून मालकांची फार आठवण आली.

बडोद्याचं कलाभवन १८९० साली निघालं. त्याचे संस्थापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. चाफेकर बंधूंनी मुंबईत राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं, ते डाग पुढे काढले ते याच गज्जरांनी. त्यांच्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके फोटोग्राफी शिकले, छपाईच्या प्रक्रिया शिकले, आणि मग गोध्र्याला स्टुडिओ काढून बसले. तिथे प्लेगनं त्यांची पहिली बायको आणि मूल नेलं. पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातल्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीबद्दल बोलायचं आहे. सरस्वतीबाई फाळके. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' होताना कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म डेव्हलप करणं हे सगळं त्या घरात शिकल्या, स्वयंपाकपाणी आणि मंडळींची जेवणं सांभाळून. अंधारात बोटांनी फिल्मची कड चाचपणं किती अवघड, हे ज्यानं केलं आहे त्यालाच कळेल. मी पहिली फिल्म रीळावर चढवली तेव्हा घामानं बोटं चिकटली आणि तीन फ्रेमा एकमेकींना डकल्या. सरस्वतीबाईंना कुठलं कलाभवन मिळालं नव्हतं.

उन्हाळा हा आमचा दुसरा मास्तर. पुस्तकातला डेव्हलपर वीस अंशांचा. सोलापुरात एप्रिलमध्ये सावलीतलं पाणीही तिशीच्या वर जातं. पाणी गरम, तर वेळ कमी, आणि वेळ कमी केली की जराही चुकून चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे थंड डेव्हलपरमधली फिल्म एकदम गरम पाण्यात गेली तर तिचं जिलेटिन फुगतं, भेगाळतं, आणि चेहऱ्यावर बारीक जाळी पडते. वाळलेल्या तळ्याच्या गाळासारखी. त्या वर्षी तसा गाळ सगळीकडेच दिसत होता. म्हणून आम्ही डेव्हलपरची बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचो आणि हायपोत तुरटी घालायचो. तुरटीनं जिलेटिन घट्ट होतं. तीच तुरटी आडाच्या पाण्यात फिरवून गाळ खाली बसवायचा, आणि तीच शेजारचा न्हावी दाढीनंतर गालावर फिरवायचा. एक खडा, तीन धंदे.

आता माझी चूक सांगतो. मे महिन्यात एका लग्नाचे साठ फोटो होते. मालक परगावी गेले होते. रात्री अकराला दुसरं पाणी ओतलं आणि घागरीत बघितलं तर बूड दिसत होतं. आडाचं पाणी काढायला जावं, तर दोर घेऊन बाहेर पडायचा कंटाळा आला. मी दोन पाण्यांवरच फोटो उचलले आणि चकचकीत प्लेटवर चिकटवून वाळवले. गुलाबी पाण्याचे पेले काढलेच नाहीत. सकाळी फोटो सुंदर चमकत होते. गिऱ्हाईक खूश. मालकांनीही पाठ थोपटली. मी काही बोललो नाही. या विद्येत हेच भयंकर आहे, की निष्काळजीपणा त्या दिवशी दिसत नाही.

जूनमध्ये पाऊस आला, चांगला आला, आणि मालकांनी याशिका माझ्या गळ्यात घातला. "१२५ वर ठेव. ऊन असेल तर सोळा. पातळ ढगाला अकरा, दाट ढगाला आठ. बारा फोटो आहेत, बारा विचार कर." ऑर्वोची फिल्म होती. उघडझाप करणाऱ्या ढगांखाली सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी मी पहिला रोल काढला. तो बरा आला. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पाच वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. आईवडिलांच्या लग्नाचा फोटो होता, मोठा करून हवा होता. नवरीच्या मुंडावळ्या पार तपकिरी झालेल्या, नवऱ्याच्या टोपीची कड पिवळ्यात विरघळलेली. मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का आणि निळ्या शाईत निगेटिव्हचा नंबर. अक्षर माझंच. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं: घागर, दोर, दोन पाणी. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमची आईसुद्धा त्या मेमध्ये पाणी पुरवून पुरवून वापरायची. लग्नात न्हाऊ घालायलादेखील मोजून दोन कळशा होत्या म्हणते."

स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्हची पाकिटं मी घरी आणली होती. फिल्म कागदासारखी हायपो पिऊन घेत नाही, थोड्या पाण्यात लवकर स्वच्छ होते. पाकिटातून निगेटिव्ह काढली, खिडकीसमोर धरली. एक डाग नव्हता. मुंडावळीचा मणी न् मणी होता.

कागद माझ्याकडे जपून ठेवलेला होता, एनलार्जर झाकून ठेवलेला. त्या रात्री फोटो केला, हायपोतून काढला आणि धुवायला घेतला. नळाला पाणी होतं. तरीही ट्रेभर घेतलं, हलवलं, पूर्ण ओतलं. असे सहा. मग काचेचे दोन पेले मांडले आणि फोटोच्या कोपऱ्यावरून थेंब निथळू दिले. दोन्ही पेले सकाळपर्यंत सारखेच गुलाबी होते.