टप्प्यांतलें सावज

आमचा एक भाचा अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांत राहतो. गेल्या हिवाळ्यांत त्यानें पत्रांतून आपल्या शेजाऱ्याची एक गोष्ट कळविली. हा शेजारी दरसाल हरणाच्या शिकारीस जातो. घरांत दुर्बीण बसविलेल्या दोन नव्या रायफली आहेत. परंतु रानांत जातांना तो आजोबांची जुनी विंचेस्टरच उचलतो. ‘मामा, असें कां?’ हा भाच्याचा प्रश्न. शिकारीशीं आमचा संबंध आजोळच्या ओसरीवर खुंटीला टांगलेल्या ठासणीच्या बंदुकीपलीकडे कधीं गेला नाहीं. तथापि तें आजोळ जालन्याकडचें, आणि हरणाची शिकार हा विषय त्या माळाला नवा नाहीं. म्हणून उत्तर लिहावयास बसलों, तें बरेंच लांबलें.

प्रथम त्या विंचेस्टरविषयीं. ही तरफेची रायफल. चापाभोंवतीं व मुठीखालीं एक लोखंडी कडें असतें. तें खालीं लोटून पुन्हा वर ओढलें कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें आणि भरलेलें नळींत येऊन बसतें. बंदूक खांद्यावरून उतरावी लागत नाहीं. १८६० सालच्या हेन्री रायफलीपासून ही युक्ति लोकांच्या परिचयाची झाली, १८७३ च्या विंचेस्टरनें ती घरोघर नेली, आणि जॉन ब्राउनिंग या कल्पक कारागिरानें आंखलेली १८९४ ची विंचेस्टर हरणाच्या शिकाऱ्याची बंदूक म्हणून जी मान्य झाली ती झालीच. तिच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या. न्यू हेवनचा कारखाना २००६ सालीं बंद पडला, तर कांहीं वर्षांनीं तीच बंदूक जपानांत बनूं लागली. गिऱ्हाइकांनीं तिला मरूं दिलें नाहीं.

आणि तरी तिच्यांत एक व्यंग जन्मापासून आहे. काडतुसें नळीखालच्या लांब नळकांड्यांत एकामागें एक निजलेलीं असतात. मागच्याचें टोंक पुढच्याच्या बुडाला टेकतें, आणि पेट घेणारी टोपी असते ती बुडाशींच. टोंकदार गोळी घातली तर हिसक्यासरशीं नळकांड्यांतच बार उडावयाचा! म्हणून गोळी बोथट ठेवावी लागे. बोथट गोळीला वारा अडवितो. दीडशें यार्डांपलीकडे तिचा फारसा भरंवसा नाहीं. अलीकडे मऊ टोंकाच्या गोळ्या निघून हें व्यंग थोडें झांकलें आहे. परंतु पूर्वेकडील अमेरिकेच्या झाडींत पांढऱ्या शेपटीचें हरिण दिसतें तेंच पन्नाससाठ पावलांवर, आणि तेंही क्षणभर. तेथें आंखूड, हलकी, चटकन् खांद्याला लागणारी बंदूक हवी. लांबचा पल्ला घेऊन करावयाचें काय?

आतां आमच्या माळाकडे वळूं. जालना जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजीं. त्यापूर्वीं त्याचा बहुतेक भाग औरंगाबादेंत मोडे, आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा सर्व मुलूख निजामाचा. काळी जमीन, मधून मधून खडकाळ माळ, गुडघ्याएवढें गवत, झाड दिसलेंच तर बाभळीचें. येथला काळवीट फार दुरून माणसाला हेरतो, आणि उड्या घेत निघाला म्हणजे घोडाही मागें पडतो. (शास्त्रज्ञ त्याला हरणाच्या कुळांत घेत नाहींत, कारण त्याचीं शिंगें कधीं गळत नाहींत, पण आमच्या शेतकऱ्याला तें हरिणच, आणि या लेखांतही तें हरिणच राहील.) अशा उघड्या रानांत लांब पल्ल्याच्या हत्याराचीच मातब्बरी असावी असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत शतकानुशतकें येथली सारी विद्या होती ती जवळ जाण्याची.

अकबराचा चरित्रकार अबुल फजल कांहीं काळ जालन्यास राहिला होता असें परंपरा सांगते. त्याच्या ‘आइने-अकबरी’त शिकारी चित्त्यांचें वर्णन आहे, तसेंच शिंगांना जाळें बांधून रानांत सोडलेल्या पाळीव काळविटाचेंही: रानटी नर झुंजावयास धांवून येई आणि जाळ्यांत गुंते. चित्त्याची शिकार तर सारी टप्प्याचीच. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडींत बसवावयाचा, आणि गाडी वळसे घेत घेत कळपाकडे न्यावयाची. बैलगाडी रोज पाहणाऱ्या हरणांस तिचें भय वाटत नसे. शेंदीडशें पावलांवर आल्यावर टोपी काढावयाची. चित्ता धांवतो विजेसारखा, पण थोडाच वेळ. तेवढ्यांत सावज सांपडलें नाहीं तर तो नाद सोडून बसतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं याच जिल्ह्यांत आसईची लढाई जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीला हा खेळ ठाऊक होता. श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचे शिकारी चित्ते त्याच्या ताब्यांत आले होते.

या खेळाची एक काळी बाजू आहे. कोंडलेल्या चित्त्याची वीण होत नसे. जहांगिरानें तशी एक घटना नवल म्हणून नोंदविली आहे. म्हणजे दरबारचा प्रत्येक चित्ता रानांतूनच धरून आणलेला. विसाव्या शतकांत कोल्हापूर दरबारानें आफ्रिकेहून चित्ते आणविले, ते येथले मिळेनासे झाले म्हणूनच.

फासेपारध्याजवळ चित्ता नव्हता, बहुधा बंदूकही नव्हती. तांतीचे फांसे आणि शिकविलेला बैल एवढीच त्याची सामग्री. चरत चरत जाणाऱ्या बैलाच्या आडोशानें तो कळपाला हळूहळू फांशांकडे सरकवी. पुढें इंग्रजी अमलांत या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायद्यांतून तो १९५२ पर्यंत पुरता पुसला गेला. लोकांच्या मनांतून गेला असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

तोड्याच्या बंदुकीचीही तीच कथा. दारू ठासावयाची, गोळी गजानें बसवावयाची, कानांत रंजक भरावयाची आणि पेटती जामगी जपत पालथें पडून राहावयाचें. दुसरा बार भरेपर्यंत कळप शिवार ओलांडून जाई; म्हणून सावज टप्प्यांत येईपर्यंत थांबणें भागच होतें. रंजक दमट असली तर बार फुसका. आमच्या भाषेंत हा शब्द राजकारणासाठीं उरला आहे, पण तो शिकला गेला अशा माळांवर.

दुर्बिणीची रायफल आली आणि टप्पा लांबला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें विकलेल्या जीपगाड्या आल्या आणि टप्पा उरलाच नाहीं. रात्रीं दिव्याच्या झोतांत दिपून उभा राहिलेला कळप गाडींत बसूनच मारतां येऊं लागला. चित्ता तर तोंवर संपलाच होता. शेवटचे तीन १९४७ सालीं कोरिया संस्थानच्या राजानें मारले असें मानतात, आणि १९५२ सालीं तो नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. काळवीट वांचला तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें, आणि कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीसारख्या लहानशा अभयारण्यांनीं.

भाच्यास आम्ही लिहिलें तें असें: तुझ्या शेजाऱ्याच्या निवडींत आजोबांची आठवण असेलच, पण त्या बंदुकीनें त्याला हरणाजवळ जावें लागतें, उगीच दूरवर बार टाकतां येत नाहीं, आणि त्याची शिकार म्हणजे बहुतेक तें जाणेंच असावें. त्याला एकदां विचारून पाहा.

भाच्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. दरम्यान मामेभावाचें आलें. हरभऱ्यांत हरणांचा कळप उतरतो, रात्रभर मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवावा लागतो, आणि भरपाईचा अर्ज करावयाचा तर पंचनाम्यासाठीं खेटे घालावे लागतात, असा त्याचा मजकूर आहे. ओसरीवरची बंदूक त्याच्या वडिलांनींच परवान्यासकट ठाण्यांत जमा केली होती. खुंटी आहे, तिला हल्लीं छत्री टांगतात.