उत्तरेश्वर, केरबा, नकुसा, मिलिंद : नावाचा अर्थ कोठे शोधावा?

१/ सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर लोहमार्गावर केम हे गाव आहे. महाराष्ट्र त्याला कुंकवाचे गाव म्हणून ओळखतो. येथील ग्रामदैवत उत्तरेश्वर. या परिसरात हेच ‘उत्तरेश्वर’ नाव पुरुषांनाही ठेवलेले आढळते. पुण्या-मुंबईच्या कानाला ते अनोखे वाटेल. केमच्या आसपास ते घरचे आहे.

२/ बाळासाठी ‘वेगळे आणि अर्थपूर्ण’ नाव शोधणारे आईवडील आज नावांच्या याद्या चाळतात. यादीत नावापुढे एखाद-दोन शब्दांचा अर्थ दिलेला असतो. ‘उत्तरेश्वर’पुढे ‘उत्तर दिशेचा ईश्वर’ असे काहीतरी लिहिता येईल. व्याकरणदृष्ट्या ते चूक नाही; पण त्यातून नाव कळत नाही. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. नावाचा अर्थ मात्र ते कोणी, कोठे आणि कशासाठी ठेवले यात असतो. या थ्रेडमध्ये अशाच काही नावांचा मागोवा घेऊ.

३/ प्रथम ‘कोठे’. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेर आहे : प्राचीन तगर, रोमन जगाशी व्यापार करणारे सातवाहनकालीन नगर आणि पुढे संत गोरोबांचे गाव. तेथेही उत्तरेश्वराचे प्राचीन विटांचे मंदिर आहे. त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट तेरच्या वस्तुसंग्रहालयात जतन केली आहे. एका माणसाच्या नावामागे असे एक दैवत, एक गाव आणि कित्येक शतके उभी असतात.

४/ अशा नावांचा नकाशाच काढता येतो. पंढरपूरच्या परिसरात पांडुरंग, विठ्ठल, पुंडलिक. सोलापुरात सिद्धेश्वर, सिद्धराम. तुळजापूरच्या भक्तांत तुळजाराम, अंबादास. जेजुरीच्या भक्तांत खंडू, मल्हारी, मार्तंड. आडनावावरून गाव ओळखण्याची आपल्याला सवय आहे. पूर्वी पहिल्या नावावरूनही माणसाचे कुलदैवत आणि मुलूख यांचा अंदाज बांधता येत असे.

५/ आता ‘कोणत्या प्रसंगी’. मालोजीराजे भोसले व उमाबाई यांना दीर्घकाळ अपत्य नव्हते. त्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांची नावे त्यावरून शहाजी व शरीफजी अशी ठेवली, असे परंपरा सांगते. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. शहाजीराजांचे नाव आपण रोज घेतो. त्या नावात एका फकिराची कृतज्ञ आठवण आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

६/ पुढच्या पिढीतही तसेच. शिवनेरीवरील शिवाई देवीवरून ‘शिवाजी’ हे नाव ठेवले, असे मानले जाते. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीच्या मोहिमेत मारले गेले. त्यानंतर १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर महाराजांना पुत्र झाला, त्याचेही नाव संभाजी. कोशातला ‘शंभू’ येथे अपुरा पडतो. गेलेल्या भावाचे नाव घरात पुन्हा ऐकू येऊ लागले, हा त्या नावाचा अर्थ.

७/ आता यादीत कधीच न येणारी नावे पाहा : केरबा, केरू, दगडू, धोंडू, भिकाजी. केर, दगड, धोंडा, भीक. एवढ्या लाडक्या मुलाला असे नाव कोण ठेवील? ज्यांची आधीची मुले दगावली होती, असे आईबाप ठेवीत. नवजात बाळाला केरावर ठेवून पुन्हा उचलून घेण्याची रीत होती. हे मूल टाकाऊ आहे, मृत्यूने याच्याकडे पाहू नये, असा त्यामागचा भाव. भिकाजी म्हणजे भिक्षेत मागून घेतलेला. (‘धोंडू’ला दुसरेही कारण असे : धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यातला जन्म.)

८/ ही भीती काल्पनिक नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर पाच मुलांमागे साधारण एक मूल वर्षाचे होण्याआधीच दगावत असे. देवी, पटकी, हगवण यांपुढे आईबापांच्या हाती फारसे काही नव्हते. नाव मात्र त्यांच्या हाती होते. म्हणून त्यांनी नावाची ढाल केली. ‘दगडू’ हे नाव ऐकून आज हसू येते. ते ठेवणाऱ्या आईच्या मनात त्या वेळी काय असेल, याचाही विचार करावा.

९/ परंतु प्रत्येक कुरूप नावामागे माया असतेच असे नाही. सातारा जिल्ह्यात आणि महाराष्ट्रात अन्यत्रही अनेक मुलींचे नाव ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ असे होते. आधीच्या मुलींनंतर पुन्हा मुलगीच झाली, म्हणून हे नाव. असे नाव ठेवले की पुढे मुलगा होतो, अशीही समजूत होती. शाळेच्या हजेरीत त्या मुलीला रोज ‘मी नको होते’ या शब्दाला ‘हजर’ म्हणावे लागे.

१०/ २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे या नावाच्या मुलींचा नामकरण सोहळा झाला. अशा २८५ मुलींची नोंद झाली होती. त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रे देण्यात आली. काहींनी देवींची वा पुराणांतील स्त्रियांची नावे निवडली, काहींनी चित्रपटातील नायिकांची, तर काहींनी केवळ शुभ अर्थाची. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ होत्या. नकुसाला निदान नाव तरी मिळाले होते. या आकड्यांत न दिसणाऱ्या मुलींना तेही मिळाले नाही.

११/ केरबा आणि नकुसा. कोशात दोन्ही शब्द टाकून देण्याचे. एक नाव मुलाला मृत्यूपासून लपवण्यासाठी ठेवलेले, दुसरे मुलीला तिची जागा दाखवण्यासाठी. हा भेद शब्दार्थात दिसत नाही. तो नाव ठेवणाऱ्याच्या हेतूत असतो, आणि हेतू समजून घेण्यासाठी इतिहासच वाचावा लागतो.

१२/ नाव स्वतः निवडण्याचे सर्वांत मोठे उदाहरण अलीकडचे आहे. जातिव्यवस्थेने अस्पृश्य ठरवलेल्या माणसांची नावे गावात तुच्छतेने, मोडून-तोडून हाकारली जात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या पिढीत घरोघरी सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा ही नावे आली. ज्यांना हवे तसे हाकारले जाई, त्यांनी आपल्या मुलांना काय म्हणावे हे आता स्वतः ठरवले.

१३/ यातले ‘राहुल’ पाहा. बौद्ध परंपरेत या नावाचा संबंध ‘बंधना’शी जोडला जातो, पुत्रजन्माची वार्ता ऐकून सिद्धार्थाला नवे बंधन निर्माण झाल्याचे जाणवले, अशी कथा आहे. केवळ शब्दार्थ पाहणाऱ्याने हे नाव टाळले असते. बंधन तोडून आलेल्या समाजाने ते आनंदाने आपलेसे केले, कारण त्यांच्या लेखी राहुल म्हणजे बुद्धाचा पुत्र.

१४/ आणि ‘मिलिंद’. संस्कृत कोशात अर्थ : भुंगा. पण ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला राजा मिलिंद म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला इंडो-ग्रीक राजा मिनँडर. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक, तर दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत त्याचे नाव आहे. ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला एकामागून एक अवघड प्रश्न विचारतो. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय पुढे याच नावाने ओळखले जाऊ लागले. विद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव! आज हे नाव सर्व समाजांत आढळते. ते ठेवणाऱ्या किती घरांना ठाऊक असेल की आपण एका ग्रीक राजाला हाक मारतो आहोत?

१५/ तेव्हा बाळासाठी अनोखे नाव शोधत असाल, तर यादी उघडण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तीन-चार पिढ्यांची नावे लिहून घ्या. प्रत्येक नावापुढे ते कोणी ठेवले आणि का, हे विचारा. एखादा उत्तरेश्वर सापडेल, एखादा केरबा, कदाचित एखादी नकुसाही. त्यातले एखादे नाव पुन्हा ठेवावेसे वाटेल, एखादे आपल्या पिढीपाशी थांबवावेसे वाटेल. आणि जे नाव ठराल, त्याचे कारण तारखेसह कागदावर लिहून ठेवा. शंभर वर्षांनी कोणीतरी त्याचा अर्थ शोधत येईल. त्याच्या हाती केवळ कोश असू नये.